भाऊंच्या नावची पुरसीस

भाऊ,

तुमच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात मयताच्या पुरसिशीचे कोरे नमुने होते, ते तसेच आहेत. पक्षकार गेला की त्याच्या वकिलानं कोर्टाला तसं कळवायचं, ते अर्ध्या पानाचं पत्र. सोळा वर्षांत मी अशा किती पुरसिशी भरल्या असतील देव जाणे. नाव, दाव्याचा नंबर, मृत्यूची तारीख, सोबत दाखला, खाली सही. चहा संपायच्या आत होणारं काम. बुधवारी दुपारी माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसून तुमच्या नावाची पुरसीस भरायला घेतली, आणि चार वाजले तरी मी 'वादी' या शब्दाच्या पुढे सरकले नव्हते.

रडत बसले होते असं समजू नका. मला रडूच आलेलं नाही. मागच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकोल्याहून मेघाताईचा फोन आला, "ज्योती, भाऊ गेले गं," तेव्हा मी "बरं, निघते" म्हटलं, जसं काही तिनं शिरस्तेदारानं बोलावलंय असं सांगितलं होतं. अमरावतीहून बस पकडली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरून दोन आलूबोंडे खाल्ले. चांगले गरम होते. तुम्ही तिकडे लेकीच्या घरी ओसरीवर निजलेले, आणि मी इकडे हिरवी मिरची मागून घेतेय! घरी पोचले तर बाया रडत होत्या, मेघाताई गळ्यात पडली, आणि मी तिला काय सांगितलं माहीत आहे? मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती काढून घे, नंतर हेलपाटे पडतात. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पुढच्या गुरुवारभोवती तुम्ही पेनानं गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, तारीख. त्या गोलाकडे मी बराच वेळ बघत उभी होते. काही वाटलं नाही.

पुरसिशीत 'मयत' लिहायचं, हा तुमचा नियम. एकदा एका भल्या म्हाताऱ्या पक्षकारासाठी मी 'कैलासवासी झाले' असं लिहिलं, तर तुम्ही कागद माझ्या अंगावर परत टाकलात. "कैलासाले गेला का अजून कुठं गेला, तुले मायीत हाये का? पाह्यलं तू? नाई ना? मंग जेवढं मायीत हाये तेवढंच लिही." मी फुगून बसले तर स्वतः उठून माझ्यासाठी चहा सांगितलात. आता मला तेवढंच माहीत आहे. तीन अक्षरं. तीही लिहिता येईनात.

तुमच्याकडे आले त्या पहिल्या दिवशीही असाच मरणाचा विषय निघाला होता. मी मोर्शीकडची, मास्तरांची मुलगी, वकिलीची सनद नवीकोरी, डोक्यावर तेल चोपडलेलं. तुम्ही नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "मोरितुर म्हणजे काय, सांग," म्हणालात. मला वाटलं कोण्या गावाचं नाव आहे. तेव्हा तुम्ही ते पाच शब्दांचं लॅटिन वाक्य उलगडून सांगितलं होतं, जे कायद्याच्या पोरांना पाठ करावं लागतं आणि ज्यातला मधला शब्द मोरितुर. मरतो, मरते. माणसाचा अगदी स्वतःपुरता असलेला दावा, त्याच्या अब्रूचा, त्याला केलेल्या शिवीगाळीचा, तो त्या माणसाबरोबरच मरतो. वारसांना पुढे चालवता येत नाही. शेत वारसाला मिळतं, घर मिळतं, अपमान मिळत नाही. मी म्हटलं, "बरंच आहे की." तुम्ही खुश झालात आणि मला ठेवून घेतलंत.

तो लॅटिनचा जाडजूड शब्दकोश तुम्हाला परतवाड्याच्या बाजारात मिळाला होता, एका रिटायर हेडमास्तरांच्या रद्दीत. पाठ निखळलेला, वाळवीनं दोन कोपरे खाल्लेला. इंग्रजी 'एम'ची पानं तुमच्या बोटांनी काळी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा बाजूला सारून तो उघडायचे आणि मला त्या एका क्रियापदाच्या सगळ्या खोडी सांगायचे. ते लोक म्हणे माणूसच नव्हे तर विस्तवसुद्धा 'मरतो' म्हणत. आठवण मरते म्हणत. कोणाच्या प्रेमात पडला तर मेलो म्हणत, हसून हसून मेलो म्हणत, आणि शपथ घ्यायची तर 'मरो मी, हे खोटं असेल तर' असं म्हणत. "आता आपल्या इकडं पाह्य," तुम्ही बोटं मोजायला लागायचे. "भूक मरते. हौस मरते. मन मरते. आपून हासून हासून मरतो, लाजेनं मरतो, आन् मी मरून जाईन पन खोटं बोलनार नाई असं रोज साक्षीदार सांगतेच. संस्कृतात म्रियते, तिकडं मोरितुर, आपलं मरते. एकाच घरच्या लेकी, दूर दूर देल्या." शब्दकोश मिटून तुम्ही भाकरीकडे वळायचे तेव्हा ती वातड झालेली असायची.

आणि मग आपलं भांडण. ते आठवतं ना? पहिल्या दिवशी 'बरंच आहे' म्हणणारी मी, दोन वर्षांत कोर्ट पाहून शहाणी झाले आणि म्हणायला लागले की हा नियम नालायक आहे. अब्रू घेणाऱ्यानं फक्त समोरचा मरायची वाट पाहायची? तारखा मागायच्या, टोलवाटोलवी करायची, आणि तो मेला की हात झटकून घरी जायचं? तुम्ही म्हणायचे, "अवो बाई, भांडनं मानसासंगं गेलीच पायजेत. नाई त सरनावरची आग पोराईच्या घरात शिरन." मी म्हणायचे, "आणि नाव? नाव कुठे मरतं माणसाबरोबर? मेल्यावर तर जास्तच बोलतात." तुम्ही म्हणायचे, "बोलू दे." किती वर्षं आपण हे एकमेकांना ऐकवलं. गंमत होती तेव्हा. तुम्हाला शिकवायची हौस आणि मला वाद घालायची.

मग सुभद्राबाईंचं अपील आलं. आता मी हे सगळं तुम्हाला कशाला सांगतेय, तुम्हाला ठाऊकच आहे. पण आजवर मी हे एकदाही सरळ सांगितलेलं नाही, अगदी तुम्हालासुद्धा. म्हणून सांगते.

सुभद्राबाई परतवाड्याच्या. बापाच्या संत्र्याच्या बागेत लेकीचा हिस्सा मिळावा म्हणून भावाविरुद्ध भांडत होत्या. खालच्या कोर्टात हरल्या, आपण अपील केलं. केस चांगली होती, तुम्ही स्वतः म्हणाला होता. अपील चालू असताना त्यांचा भाऊ वारला आणि समोरच्या वकिलानं मयताची पुरसीस दिली. आता भावाच्या जागी त्याच्या मुलांची नावं नव्वद दिवसांच्या आत आपल्याला लावून घ्यायची होती, नाहीतर अपील आपोआप संपतं. आपल्या ऑफिसात याची पद्धत ठरलेली होती. मयताची पुरसीस हातात आली की फायलीच्या लाल नाडीवर पांढरा दोरा बांधायचा, आणि वारसांची नावं लागेपर्यंत तो सोडायचा नाही. कपाट उघडलं की पांढरा दोरा डोळ्यात भरलाच पाहिजे. तुमच्या आधीच्या वकिलांपासून चालत आलेली पद्धत. ती पुरसीस माझ्या हातात पडली तो शनिवार होता. मला पाहायला मोर्शीला पाहुणे यायचे होते, अडीचची बस होती, आणि दोऱ्याचं रीळ संपलेलं. सोमवारी बांधू, म्हणून मी पुरसीस फायलीत सरकवली आणि फाईल कपाटात ठेवली.

पाहुण्यांनी नकार कळवला. मी आठवडाभर तोंड पाडून फिरले. दोरा बांधायचा राहिला तो राहिलाच.

पाच महिन्यांनी कळलं. मी ती फाईल घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही पुरसीस वाचली, वरची तारीख वाचली, नाडीकडे पाहिलं. तुम्हाला सगळं कळलं. म्हणालात, "चहा सांग." एवढंच. मग उशीर माफ करावा म्हणून अर्ज केलात आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंत की ही नजरचूक माझी, वृद्धापकाळामुळे माझ्या लक्षातून राहिलं. वृद्धापकाळ! मयताला कैलासवासी लिहू न देणारा माणूस! मी म्हटलं, भाऊ, हे खोटं आहे. तुम्ही म्हणालात, "फाईल माह्या ऑफिसातली ना? मंग चूक माही. त्यात काय खोटं?" अर्ज नामंजूर झाला. सुभद्राबाईंची बाग गेली. त्या पदरानं डोळे पुसत जिना उतरल्या, आणि मी वर कपाटाआड उभी होते.

त्यांच्या मुलानं, विलासनं, मग गावभर सांगितलं की वकील समोरच्या पार्टीला मिळाला. परतवाड्याला एका लग्नाच्या मांडवात भर पंगतीत तुमच्या तोंडावर म्हणाला. तुम्ही हसून बुंदी मागून घेतलीत. पण ते बोलणं बार रूमपर्यंत आलं, कॅन्टीनपर्यंत आलं. कायद्याच्या कॉलेजात दर वर्षी तुमचं व्याख्यान व्हायचं, त्या वर्षी बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही व्याख्यानासाठी शब्दकोशाला नवीन कव्हर घालून ठेवलं होतं. ते मात्र तुम्हाला लागलं. जन्मभर दुसऱ्यांना "कोर्टात नोको जाऊ, आपसात मिटव" सांगणारे तुम्ही अब्रुनुकसानीचा दावा लावून बसलात.

मी त्याच दिवशी सांगितलं, मी साक्ष देते. पिंजऱ्यात उभी राहून सांगते की चूक माझी, भाऊ कोणालाही मिळाले नव्हते. दावा एका साक्षीत संपला असता. तुम्ही हं म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुढ्यात वकीलपत्र ठेवलंत. "सही कर. माह्या दाव्यात वकील तू." केवढी फुलले होते मी! भाऊंनी स्वतःची केस मला दिली! मोर्शीला फोन करून आईला सांगितलं, आईनं शेजारी साखर वाटली. आणि एका ओळीचा नियम माझ्या डोक्यात आला नाही, की जी वकील असते तिला त्याच दाव्यात साक्षीदार होता येत नाही. डोक्यात आला नाही असं म्हणते, पण भाऊ, आज खरं सांगते. आला होता. त्याच संध्याकाळी आला होता. आणि मला बरं वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं.

त्यानंतर वर्षातून एकदा मी तोंडदेखलं विचारायचे, वकीलपत्र सोडू का, साक्ष देऊ का. तुम्ही म्हणायचे, "येडी का खुळी? एक बाई वकील, एकटी, अमरावतीत पाय रोवून राहिली. तिच्या नावावर अशी चूक लागली त कोन येईन तिच्याकडं? माह्यं काय, माह्यं झालं." मी "बरं" म्हणायचे. तुम्हाला ते 'बरं' कसं ऐकू यायचं कोण जाणे. मला अजून ऐकू येतं.

बुधवारी पुरसीस भरता येईना म्हणून मी दाव्याची फाईल काढली. प्रत्येक तारखेच्या नोंदीचा रोजनामा वाचत गेले, पहिल्या पानापासून. मुदत अर्ज, वादीतर्फे. मुदत अर्ज, वादीतर्फे. वादीचा गुडघा दुखतो. वादी अकोल्यास गेले आहेत. वादीच्या नातवाची मुंज. एकूण एक तारीख आपण मागून घेतलेली होती. अर्ज माझ्याच अक्षरातले, तुम्ही सांगितलेत तसे लिहिलेले, पण सलग कधी वाचले नव्हते. विलास बिचारा दर वेळी परतवाड्याहून यायचा आणि परत जायचा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमचा पुरावा सुरू झाला असता तर उलटतपासणीत समोरच्यानं पहिला प्रश्न विचारला असता, फाईल कोणाकडे होती? आणि शपथेवर तुम्ही खोटं बोलला नसता. दावा लावलात तो तुमचं नाव राखायला, आणि रखडवलात तो माझं नाव राखायला. तुम्हाला तो तसाच, तुमच्यासोबत, मरायला हवा होता. सगळी बेरीज तुम्ही आधीच करून ठेवली होती, लबाड माणूस!

मला राग आला, भाऊ. नऊ दिवसांत आलेली पहिली गोष्ट राग. मी शब्दकोश उचलून भिंतीवर मारणार होते. मारला नाही, कारण त्याची पानं परत लावत कोण बसणार.

त्या रागाच्या भरात मला तो शेवटचा फोन आठवला. तुम्ही जायच्या दोन दिवस आधीचा, रविवारचा. "पुढच्या गुरुवारची तारीख हाये ना? मुदत माग." मी विचारलं, या वेळी काय लिहू? "लिही, वादीची तब्येत बरी नाई." मी भांडी घासत होते, आधीच चिडलेली होते. म्हटलं, "पुरे झालं आता, भाऊ. दर वेळी तब्येत, दर वेळी तब्येत. न्यायाधीश हसतात मला." तुम्ही म्हणालात, "बरं बाई. तुले सुचन ते लिही." आणि मी फोन ठेवला. कसं वाटतंय, एवढंसुद्धा विचारलं नाही. सगळ्या अर्जांतलं ते एकच कारण खरं होतं.

पुरसीस शेवटी साडेचारला लिहिली. वादी मयत. खाली तुमची तारीख. मग रीळ शोधून फायलीला पांढरा दोरा बांधला. गरज नव्हती, या दाव्यात वारस लागतच नाहीत. बांधला तरी.

गुरुवारी कोर्टात गेले. पुकारा झाला. कायदा मोठा चमत्कारिक आहे बघा, पक्षकार मेला की वकीलपत्र संपतं, पण तो मेला हे कोर्टाला सांगण्यापुरतं जिवंत धरतात. मी तेवढं सांगितलं. न्यायाधीश मॅडमनी पुरसीस वाचली, चष्मा काढला. "फार वाईट झालं," म्हणाल्या. "वारस आणायचेत का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, दावा व्यक्तिगत आहे." त्यांनी एक ओळ लिहिली आणि पट्टेवाल्यानं पुढचा पुकारा केला. दीड मिनिट लागलं असेल. आता मी तुमची वकील नव्हते. साक्ष द्यायला पूर्ण मोकळी होते, आणि साक्ष द्यायला दावाच उरला नव्हता. आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणात तुम्ही जिंकलात असं म्हणायला हवं. मला ते मान्य नाही. अजून नाही.

बाहेर व्हरांड्यात विलास उभा होता. पांढरा शर्ट, हातात पिशवी. कानाजवळचे केस पिकलेत त्याचे. म्हणाला, "मॅडम, भाऊ गेले म्हने. आमचं वैर होतं, पन वाईट झालं." मी मान हलवली आणि जिन्याकडे निघाले. तो मागून आला. "आता त केस बी संपली. एक खरं सांगा. मामाच्या पोराईनं भाऊले गाठलं होतं का नाई?"

मी थांबले. समोर 'तुले सुचन ते लिही' एवढंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "ती मुदत मी चुकवली. फाईल माझ्याकडे होती. मला गावाला जायची घाई होती आणि मी विसरले. भाऊंनी स्वतःवर घेतलं."

"तुमी?" त्याचा आवाज चढला. दोघं तिघं वकील वळून पाहायला लागले. "तुमी विसरल्या? आन् माही माय सात वर्सं त्या मानसाच्या नावानं बोटं मोडून राहिली! मी मांडवात... भर पंगतीत मी त्याईले..." त्यानं पिशवी खाली ठेवली, परत उचलली. "मंग कावून नाई सांगतलं, वो?"

"भ्याले," मी म्हटलं. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

त्यानं बाकाकडे बोट केलं. मग म्हणाला, "लिहून द्या. मायले फोनवर आयकू येत नाई. वाचून दाखोतो तिले."

व्हरांड्याच्या बाकावर बसून मी हिरव्या लेजर कागदावर लिहिलं. एक वकील मित्र खांद्याशी वाकून कुजबुजला, "ज्योती, वेडी झालीस का? उद्या हा तक्रार करेल, सनदेवर येईल." मी त्याला बाजूला हो म्हटलं, उजेड अडत होता. लिहिलं की सुभद्राबाईंच्या अपिलात वारसांची नावं लावायची मुदत माझ्या हातून चुकली. भाऊंनी कोणाकडून काही घेतलं नाही आणि काही लपवलं नाही. लपवलं ते फक्त माझं नाव. खाली सही केली. सहीखाली अर्धं पान कोरं राहिलं, तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे त्यावर तिरपी रेघ मारली, मागाहून कोणाला काही घालता येऊ नये म्हणून. विलासनं कागद दोनदा वाचला, चौघडी करून वरच्या खिशात ठेवला आणि चार पावलं गेल्यावर मागे वळला.

"भाऊची तेरवी कवा हाये?"

"रविवारी. अकोल्याला, मेघाताईकडे."

तो जिना उतरून गेला. ऑफिसात येऊन मी फायलीचा पांढरा दोरा सोडला.

आज शनिवार. सकाळी मेघाताईचा फोन आला, उद्याच्या जेवणाचं विचारायला. मी म्हटलं, ताई, दोन पानं जास्त धर. येतील की नाही ठाऊक नाही, पण धर. कोणाची, तिनं विचारलं. विलासचं आणि सुभद्राबाईंचं, मी म्हटलं. मग तिला सगळं सांगितलं, त्या शनिवारच्या मोर्शीच्या बसपासून परवाच्या कागदापर्यंत. तुमच्या लेकीनं सासरी काय काय ऐकून घेतलं असेल या सात वर्षांत, ते मी कधी विचारलं नव्हतं, तेही बोलून गेले. पलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दोन झाल्या, तीन झाल्या. मला वाटलं आता ती म्हणेल, तू येऊ नको.

"दोन काहून?" ती म्हणाली. तुमच्याच आवाजात म्हणाली, भाऊ, अगदी तुमच्याच. "तीन मांडू. तू का नुसती वाढत राहशीन? सकाळच्या बसनं ये."

तेव्हा मला रडू आलं. बाराव्या दिवशी.